एक इंच माया

शिंप्याच्या दुकानात माया मोजता येते. टेप लावून, इंचात. शिवणीच्या आत, टिपेच्या पलीकडे जे जास्तीचं कापड सोडलेलं असतं, त्याला मराठी शिवणकामात माया म्हणतात. ब्लाऊज शिवायला टाकताना बायका आवर्जून सांगतात, ‘आत माया ठेवा हं.’ अर्धा इंच, एक इंच, कधी दीड. बाहेरून ती दिसत नाही, तिने कपड्याची शोभा वाढत नाही, उलट थोडं कापडच जास्त जातं. पण पुढे कधी अंग भरलं, कापड आटलं किंवा मापातली चूक उघडी पडली, तर त्या कपड्याचं काय होणार हे त्या आतल्या पट्टीवर ठरतं.

शिलाई मशीन असलेल्या घरात बहुतेक वेळा एक ड्रेस असा सापडतो, जो हौसेने शिवला गेला आणि एकदाच अंगावर चढला. कापड निवडून आणलेलं असतं, गळ्याला पायपिंग असतं, अस्तरही जोडलेलं असतं. मग आरशासमोर उभं राहिल्यावर कळतं की खांदा उतरतोय, काखेत काचतंय, पाठीवर झोल पडलाय. ‘नुसतं झबलं झालंय,’ असं घरातलं कुणीतरी सहज बोलून जातं. ड्रेसची घडी कपाटाच्या तळाशी जाते. दोन-तीन वर्षांनी तिथून ती बोहारणीच्या गाठोड्यात जाते आणि बदल्यात स्टीलचा एखादा डबा घरात येतो.

डबा येतो याचं वाईट वाटायचं कारण नाही. वाईट वाटतं ते शिवणारीने मनाशी काढलेल्या निष्कर्षाचं. ‘मला शिवण जमत नाही’ किंवा त्याहून वाईट, ‘माझं अंगच तसं आहे.’ दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. शिवणकामाचे तीन टप्पे आहेत: कापणं, शिवणं आणि अंगावर बसवणं. न बसलेला ड्रेस हा फसलेला ड्रेस नसतो, तो तिसऱ्या टप्प्याआधीच थांबलेला असतो. आपल्याकडे पहिले दोन टप्पे क्लासमध्ये शिकवले जातात आणि तिसरा नशिबावर सोडला जातो. हे बदलायला हवं.

मुळात ड्रेस बसत का नाही, हे आधी पाहू. घरच्या शिवणात मापाची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे ‘मापाचा ड्रेस’. जुना, बरा बसणारा ड्रेस कापडावर पसरायचा, कडेने खडूने आखायचं आणि कात्री लावायची. पद्धत सोपी आहे, पण तिच्यात तीन खड्डे आहेत. जुना ड्रेस धुऊन-वापरून आटलेला किंवा ताणलेला असतो. त्याचे टक्स सपाट पसरल्यावर मोजले जात नाहीत. आणि त्याचं कापड नव्या कापडासारखं असतंच असं नाही. अंगाबरोबर ताणल्या जाणाऱ्या होजिअरीच्या कुर्त्यावरून कडक सुती कापड आखलं, तर छातीत दोन इंच कमी पडणार हे ठरलेलंच.

दुसरं कारण कापडाच्या स्वभावात आहे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. ते शेकडा तीन आटलं असं धरलं, तर चाळीस इंचांच्या घेरातून एक इंचाहून अधिक कापड नाहीसं होतं. म्हणून कापण्याआधी कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं असतं. घाईत नेमकी हीच पायरी सुटते. कापड उभ्या धाग्याला धरून न कापता थोडं तिरकं कापलं गेलं तरी एक बाजू पुढे वळते आणि सलवारीचा पाय पिळल्यासारखा दिसतो. ही चूक मागाहून कोणत्याही टिपेने भरून निघत नाही.

तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं आहे, कारण तिथे शिवणाऱ्या हाताची काहीच चूक नसते. आपल्याकडचं बरंचसं कटिंग छातीच्या मापावर उभं आहे. छातीचा चौथा भाग घेऊन अंगाची रुंदी, आठवा भाग धरून मुंढ्याची खोली, बारावा भाग धरून गळ्याची रुंदी, असा हिशोब. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेलेल्या झारापकर पद्धतीसारख्या पाठांनी हे गणित घराघरांत पोहोचवलं आणि हजारो बायकांना हातात कात्री धरण्याचं धाडस दिलं. तो उपकार मोठा आहे. पण हिशोब सरासरीचा असतो, अंग कुणा एकीचं असतं. छाती छत्तीस असलेल्या दोघींपैकी एकीचा खांदा तेरा इंच आणि दुसरीचा पंधरा असू शकतो. एकीचं छत्तीस पाठीच्या रुंदीतून आलेलं असतं, दुसरीचं पुढच्या भरण्यातून. सूत्र दोघींना एकच मुंढा देतं. तो एकीला सैल होतो, दुसरीला काचतो.

हा अडथळा फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे पंधरा हजार स्त्रियांची मापं घेतली, प्रत्येकीची पन्नासहून अधिक. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी त्याचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. फक्त छातीच्या मापावरून बाकीचं अंग ओळखता येत नाही, निदान उंची आणि वजन ही जोडी तरी हवी, असा त्या मोजणीचा कौल होता. या आकड्यांच्या आधाराने १९५८ मध्ये तिथे स्त्रियांच्या कपड्यांसाठी मापांचं एक मानक तयार झालं आणि १९८३ मध्ये ते मागे घेतलं गेलं. भारतातही राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने देशी मापांचा तक्ता बनवण्यासाठी मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजार लोकांची मापं घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. देशी तक्ता वापरला की तयार कपड्यांची मापं सुधारतील. पण कितीही चांगला तक्ता एकेका अंगाच्या जवळपासच पोहोचतो. शेवटचा अर्धा-पाऊण इंच हातानेच बसवावा लागतो.

तो बसवायचा कसा, हे ड्रेस स्वतःच सांगतो. कपडा अंगात घालून सरळ उभं राहायचं, हात खाली सोडायचे आणि चुण्या कुठून निघून कुठे जातात ते पाहायचं. ताणलेली चुणी नेहमी अडचणीच्या जागेकडे बोट दाखवते. छातीपासून काखेकडे तिरक्या रेषा ओढल्या जात असतील, तर समोर कापड कमी पडतंय. ड्रेसची पुढची किनार मागच्यापेक्षा वर उचलली गेली असेल, तरी कारण तेच. मानेखाली पाठीवर आडवी वळी साचत असेल, तर खांदे हिशोबापेक्षा सरळ आहेत. गळ्याजवळून काखेकडे उतरती वळी दिसत असेल, तर खांदे उतरते आहेत. उतरत्या खांद्यावर उपाय सोपा आहे. खांद्याची शिवण बाहीकडच्या टोकाला थोडी जास्त आत घ्यायची आणि गळ्यापाशी शून्यावर आणून सोडायची. मुंढा तेवढाच वर येतो, म्हणून खालून तेवढाच कोरून घ्यायचा.

काही खुणा फसव्या असतात. कंबरेत मागे आडवा झोल पडला की बहुतेकजणी कंबर आत घेतात. टक्स वाढवले जातात, झोल तसाच राहतो. कारण पुष्कळदा दोष कंबरेत नसून सीटमध्ये असतो. खाली घेर अपुरा असला की ड्रेस बसायला जागा शोधत वर सरकतो आणि कंबरेच्या खोलगट भागात जाऊन साचतो. बाजूचे कट फाकलेले दिसले की निदान पक्कं झालं. सीटपाशी बाजूची शिवण सोडली, किंवा कटाची सुरुवात दीड-दोन इंच वर नेली, की झोल आपोआप उतरतो.

मुंढ्याची गोष्ट तर उलटीच आहे. हात वर केला की अख्खा ड्रेस उचलला जातो, म्हणून बायका मुंढा आणखी खोल कापतात. त्याने त्रास वाढतो. मुंढा जितका खाली, तितकी बाही अंगाला खालून बांधलेली. हात उचलला की बाजूचं सगळं कापड सोबत खेचलं जातं. काखेजवळ बसणारा उंच मुंढा हाताला जास्त मोकळीक देतो. खोल झालेला मुंढा पुन्हा उचलायचा तर खांद्याची शिवण अर्धा इंच आत घेता येते. मात्र गळा आणि टक्सही त्याबरोबर वर सरकतात, त्यांची सोय आधी पाहावी लागते. दुसरा उपाय आपल्या जुन्या शिंप्यांनीच देऊन ठेवलाय. अंगरख्याच्या, जुन्या घाटाच्या कुर्त्याच्या काखेत एक चौकोनी तुकडा जोडलेला असे. त्याला चौबगला म्हणतात. तीन-चार इंचांचा हा चौकोन काखेत तिरका बसतो आणि हात वर जाताना उलगडतो. काखेत काचणाऱ्या आजच्या ड्रेसलाही तो तितकाच लागू पडतो. बाही आणि बाजू जिथे मिळतात तिथली शिवण उसवायची आणि उरलेल्या कापडाचा चौबगला घालायचा.

यानंतर येतो इंचांचा हिशोब. नवशिक्यांचे बहुतेक ड्रेस इथेच दुसऱ्यांदा बिघडतात. ड्रेस छातीत दोन इंच ढगळ आहे, म्हणून दोन्ही बाजूंना शिवणीपासून दोन-दोन इंच आत टीप मारली जाते. पण बाजूच्या शिवणी दोन आणि प्रत्येक शिवणीत कापडाचे पदर दोन, एक पुढचा आणि एक मागचा. एकूण पदर चार. म्हणजे त्या टिपेने दोन नव्हे, आठ इंच गेले. दोन इंच कमी करायचे तर प्रत्येक पदरात फक्त अर्धा इंच घ्यायचा असतो. ‘ढगळपणा भागिले चार’ एवढं सूत्र मशीनच्या फळीवर खडूने लिहून ठेवलं तरी कितीतरी ड्रेस वाचतील.

हेच गणित उलट्या दिशेने मायेचं मोल सांगतं. बाजूला एक इंच माया असेल आणि तिच्यातली पाऊण इंच सोडली, तर चार पदरांचे मिळून तीन इंच वाढतात. छत्तीसचा ड्रेस एकोणचाळीसचा होतो. बाजारातल्या तयार ड्रेसला ही सोय क्वचितच असते. कारखान्यात शिवणीबाहेर साधारण एक सेंटिमीटर कापड सोडतात आणि ओव्हरलॉकच्या मशीनला पाती असल्यामुळे ती कड शिवता शिवताच छाटली जाते. लाखो नगांच्या हिशोबात वाचलेलं ते कापड म्हणजे पैसा आहे, म्हणून कारखान्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण घरी शिवणाऱ्या बाईला तो हिशोब लागू नाही. तिने कारखान्याच्या सफाईची बरोबरी करण्यासाठी घरच्या ड्रेसची माया छाटून ओव्हरलॉक मारावं, हे मात्र थांबायला हवं. ओव्हरलॉक मारायचंच असेल तर ते मायेच्या बाहेरच्या काठाला मारावं.

दुरुस्तीला क्रमही असतो. आधी खांदा, मग गळा, मग छाती, मग कंबर आणि सीट, बाही त्यानंतर आणि खालची दुमड सर्वांत शेवटी. कपडा खांद्यावरून लटकतो, त्यामुळे खांदा हलला की खालचं सगळंच हलतं. गळा सुटत असेल तर खांद्याची शिवण गळ्याच्या बाजूने थोडी आत घेतली की भागतं. दोन्हीकडून खोल गळा असेल तर पाठीवर दोरी लावावी. ब्लाऊजच्या दोरीला लटकन शोभेसाठी येतं, पण दोरीचं खरं काम दोन खांदे एकमेकांकडे ओढून धरण्याचं आहे. टक्सचं टोक छातीच्या सर्वांत भरलेल्या जागेच्या साधारण एक इंच अलीकडे थांबायला हवं. ते वर-खाली झालं असेल तर टक्स उसवून जागेवर आणावा. उरेब कापलेला, अंब्रेला घेराचा ड्रेस असेल तर तो एक रात्र हँगरला लटकत ठेवावा. तिरपं कापड स्वतःच्या वजनाने खाली ओघळतं आणि दुसऱ्या दिवशी घेर कुठे किती लोंबला ते दिसतं. दुमड त्यानंतर घालावी.

आणि प्रत्येक बदल आधी कच्च्या शिलाईने करावा. हाताने धावदोरा घालावा किंवा मशीनचा टाका सर्वांत मोठा करावा, कपडा घालून बसून, वाकून, हात वर करून पाहावं, पटलं की मग पक्की टीप मारावी. खरं तर हा धावदोरा पहिल्या शिवणीच्या वेळीच घालायचा असतो. कोटाचे चांगले शिंपी आजही गिऱ्हाइकाला ‘ट्रायल’ला बोलावतात. ते कच्च्या हाताचे असतात म्हणून बोलावत नाहीत. अंगावर घातल्याशिवाय कपडा कळत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत असतं. चाळीस वर्षं कात्री चालवणारा कारागीर जी पायरी गाळत नाही, ती पहिलाच ड्रेस शिवणाऱ्या मुलीने गाळावी असं आपण तिला का शिकवतो?

उशीर करण्यातही तोटा आहे. ड्रेस पाच-सहा वेळा धुऊन झाला की बाहेरचं कापड फिकं पडतं आणि सोडलेल्या शिवणीतली पट्टी गडद दिसते. सुती कापडावरची सुईची भोकं पाण्याचा हात फिरवून इस्त्री केली की बरीचशी बुजतात, रेशमावर आणि सॅटिनवर ती राहतात. म्हणून न बसलेला ड्रेस कपाटात न ठेवता त्याच आठवड्यात उसवायला घ्यावा.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की एवढा खटाटोप कशाला, बाजारात तीन-चारशेत कुर्ता मिळतो. हा आक्षेप खरा आहे आणि ज्या बाईचा दिवस नोकरी, स्वयंपाक आणि मुलांच्या अभ्यासात संपतो तिला कुणी उपदेश करू नये. पण स्वस्त कुर्त्याचीही दुसरी बाजू आहे. ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे भारतात दर वर्षी सुमारे ७८ लाख टन कापडाचा कचरा साचतो. त्यातला मोठा हिस्सा घरांतून बाहेर पडलेल्या कपड्यांचा आहे. शिवाय स्वस्त कुर्ताही सगळ्यांना बसतो असं नाही. ज्यांचं अंग तक्त्याच्या बाहेर आहे, त्यांना बाजार कुठल्याच किमतीला नीट कपडा देत नाही.

वय झाल्यावर पाठीला बाक आला की पाठीची लांबी वाढते आणि पुढची कमी होते. आजीचा गाऊन मागून वर चढतो, पुढून पायात येतो. हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही, पायात गाऊन अडकून पडण्याचा धोकाही त्यात आहे. पुढची लांबी खांद्यापाशी कमी केली आणि मागे योक जोडून वाढवली की गाऊन दोन्हीकडून सारखा येतो. बाळंतपणानंतर सहा महिन्यांत दोनदा मापं बदलतात, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला समोरून उघडणारा कपडा लागतो. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन बाजूंची मापं वेगळी होतात. तिथे डावा-उजवा टक्स वेगळा घ्यावा लागतो आणि खांदा दुखत असेल तर बाही सैल करावी लागते. हात वर न होणाऱ्या माणसाला डोक्यातून घालायचा सदरा म्हणजे रोजची शिक्षा. समोरून उघडून वेल्क्रो लावला की ती संपते. शिवणाची जाण असलेला घरातला एक हात यातलं प्रत्येक काम एका दुपारी करू शकतो.

आपल्या आधीच्या पिढ्यांना हे कळत होतं. ‘वाढत्या अंगाचा’ हा शब्दच त्याची साक्ष आहे. मुलीचं परकर-पोलकं शिवताना परकराला खाली आडव्या दुमडी घातल्या जात आणि दर वर्षी एकेक दुमड सोडली जाई. पोलक्याच्या बाजूला माया असे. एका खणात आणि एका परकरात दोन-तीन वर्षं निघत. मोठीचं धाकटीला येई, मग त्याची झबली होत आणि शेवटी ते कापड गोधडीत जाई. गरिबी हे त्याचं एक कारण होतं हे खरं. पण अंग बदलणार आहे हे धरून चालणं, यात शहाणपणही होतं.

तो शहाणपणा सार्वजनिक कामातही किती हवा आहे, हे महाराष्ट्राने नुकतंच पाहिलं. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्यात ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना राबवली गेली. कापडाची खरेदी राज्याच्या पातळीवर झाली आणि शिलाईचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांतल्या महिलांकडे आलं. गणवेश अनेक शाळांत उशिरा पोहोचले आणि ते मुलांच्या अंगाला बसत नसल्याच्या तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय बदलला आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली.

या प्रकरणात शिवणाऱ्या बायकांवर खापर फोडणं अन्यायाचं होईल. ज्या मुलाला पाहिलंच नाही त्याच्या मापाचा सदरा कुणालाच अचूक शिवता येणार नाही. शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. इयत्तेवरून माप धरलं की काही मुलांना कपडा मोठा होणार, काहींना लहान, हे आधीच ठाऊक असतं. मग गणवेश वाटण्याच्या दिवशी शाळेच्या पडवीत दोन मशीन आणि दोन शिवणाऱ्या बायका का नसाव्यात? हाफपँटच्या कंबरेला आणि सदऱ्याच्या बाजूला एक इंच, स्कर्टच्या खाली दोन इंच माया ठेवण्याची अट कापडाच्या अटींइतकीच सक्तीची का नसावी? गावातल्याच बचत गटाला शिलाईच्या दराखेरीज फिटिंगचा वेगळा दर दिला, तर मुलाला अंगाबरोबर गणवेश मिळेल आणि बाईला हक्काची कमाई. शाळा व्यवस्थापन समित्यांना हे करण्यासाठी कुठल्या नव्या योजनेची वाट पाहायची गरज नाही.

शिक्षणातही बदल हवा. महाराष्ट्रात शिवण हा बाईच्या पायावर उभं राहण्याचा जुना मार्ग आहे. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनापासून आजच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधल्या शिवणाच्या अभ्यासक्रमापर्यंत ही परंपरा येते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदतही मिळते. मशीन मिळण्याची सोय अशी हळूहळू होते आहे. त्याच्या जोडीला गल्लोगल्लीच्या क्लासपासून सरकारी प्रशिक्षणापर्यंत सगळीकडे फिटिंग आणि दुरुस्ती हा वेगळा विषय व्हावा. परीक्षेत विद्यार्थिनीला नवा ब्लाऊज शिवायला लावतात, तसा एक बिघडलेला ब्लाऊजही हातात द्यावा आणि सांगावं, हा या बाईच्या अंगात बसवून दाखव. चुण्या वाचून दोष सांगण्याला गुण असावेत. उसवण्यालाही असावेत, कारण ब्लेडने घाईत उसवून कापड फाडणं आणि एकेक टाका सोडवून माया शाबूत ठेवणं यांत कारागिरीचाच फरक आहे.

पैशांच्या बाबतीतही आपण बदलायला हवं. नवा ड्रेस शिवण्याची शिलाई लोक देतात. ‘जरा फिटिंग करून द्या’ या कामाला मात्र पैसे विचारले की चेहरा पडतो. ‘दोन टिपा तर मारायच्यात.’ त्या दोन टिपांआधी जुनी शिवण उसवावी लागते, धागे वेचावे लागतात, इस्त्री करावी लागते, बाही पुन्हा चढवावी लागते. अस्तराचा ड्रेस असेल तर हे सगळं दोनदा. सुट्या कापडापासून सरळ शिवत जाण्यापेक्षा हे काम अनेकदा जास्त वेळ खातं आणि त्याला नजर जास्त लागते. दुकानाच्या पायरीवर, फॉल-पिकोच्या टपरीत, सोसायटीच्या जिन्याखाली बसून हे काम करणाऱ्यांशी घासाघीस करू नये.

प्रत्येक ड्रेस वाचतो असा दावा मात्र कुणी करू नये. खांदा मुळातच अरुंद कापला गेला आणि माया नाही, समोरचा भाग धाग्याबाहेर तिरका गेला, कापडच विरलं, तर तो ड्रेस त्या अंगाला बसणार नाही. तेव्हा त्याचा लहान मुलीचा फ्रॉक करावा, पिशव्या शिवाव्यात किंवा गोधडीला लावावा. पण त्याआधी एक मधली वाट पाहावी. घेर कमी पडत असेल तर बाजूला वेगळ्या कापडाची कळी घालता येते. साध्या सुती ड्रेसला इरकली किंवा खणाची पट्टी काखेपासून खालपर्यंत लावली तर दोन-तीन इंच मिळतात आणि पाहणाऱ्याला ती मुद्दाम केलेली रचना वाटते. लांबी कमी पडली तर त्याच पट्टीची किनार खाली आणि बाहीला जोडता येते.

घरात असा एखादा ड्रेस असेल तर या रविवारी तो बाहेर काढा. आधी अंगात घालून आरशासमोर उभं राहा आणि चुण्या कुठे ओढल्या जातात ते घरातल्या कुणाला तरी पाठीमागून पाहायला सांगा. मग तो उलटा करा आणि बाजूच्या शिवणीत माया किती आहे ते टेपने मोजा. अर्धा इंच जरी असली तरी हाती एक-दीड इंच लागेल. आणि पुढचा ड्रेस कापायला घ्याल तेव्हा बाजूला एक इंच, खांद्याला अर्धा इंच आणि खाली दोन इंच माया सोडून मगच कात्री लावा.